‘ना’ आणि ‘मंजूर’ यांच्या मधलं

माझं नाव शीतल. हे नाव ज्या आत्यानं ठेवलं तिला माझा स्वभाव अजून कळायचा होता. आई म्हणायची, “हिची जीभ पुढे पळते आणि डोकं मागून चप्पल शोधत येतं.” सासरी आल्यावर सासूबाईंनी महिनाभरात हेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. अशा बाईला सरकारनं सद्भावनेचं प्रमाणपत्र दिलं, तेही चौकटीत बसवून. हे आधी सांगून टाकते, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

मी शीतल दुधमल, तालुक्याच्या कोर्टात स्टेनो. न्यायाधीश बोलतात, मी लिहिते. तुम्ही म्हणाल, या जमान्यात स्टेनो कशाला, बोललेलं लिहिणारी यंत्रं गल्लोगल्ली पडलीत. पडलीत ना! आमच्याकडेही आलं होतं. पण म्हणे कुठल्याशा कोर्टात साहेबांना ॲसिडिटी झाली, त्यांनी शिपायाला “सोडा आण” म्हणून सांगितलं, आणि यंत्रानं निकालात “आरोपीस सोडा” लिहून टाकलं. तेव्हापासून नियम झाला की आदेश माणसाच्या हातूनच उतरला पाहिजे. यंत्र मदतीला राहिलं. मी दोन अक्षरं टाइप केली की पुढचा शब्द ते आपणहून पुरा करतं. ही मदत लक्षात ठेवा.

आता कायद्याचं सांगते. पूर्वी निकाल पटला नाही तर माणूस वरच्या कोर्टात जायचा. खुद्द न्यायाधीशावर दावा लावायची सोय नव्हती. मग काही प्रकरणं अशी गाजली की लोक खवळले, आणि नवा कायदा आला. न्यायाधीश असो, कारकून असो, बेलिफ असो की दारात नावं पुकारणारा शिपाई, त्याच्या कामामुळे तुमचं नुकसान झालं तर त्याच्याकडून भरपाई मागा. झालं! दावा लिहिणारी यंत्रं तोवर फुकट झाली होती. हरलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरता फोनला सांगायचा, “लाव दावा,” आणि तो रिक्षात बसेपर्यंत आमच्या नावावर नोटीस निघायची. कोर्टाचं सामानसुमान बघणाऱ्या आमच्या नाझरसाहेबांवर तर पंखा मोडका ठेवल्याबद्दल दावा लागला होता.

कोर्टं ओस पडायची वेळ आली तेव्हा सरकारनं ‘बचाव निधी’ काढला. न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांवर दावा आला तर वकील सरकार देईल, त्याची फी सरकार देईल, भरपाई द्यावी लागली तर तीही सरकार भरेल. अट एकच. केलेलं काम सद्भावनेनं केलेलं असलं पाहिजे.

आता माणसाच्या पोटातली सद्भावना मोजायची कशी? तर तिच्यासाठी कडं आलं. मनगटात घालायचं, सकाळी कोर्टात शिरताना घालायचं, जाताना काढून ठेवायचं. “लग्नात नवऱ्यानं एवढी घट्ट बांगडी भरली नव्हती,” असं मी म्हटलं आणि सगळा स्टाफ हसला होता.

प्रशिक्षणाला एक इंजिनियर बाई आल्या होत्या. चांगलं समजावून सांगायच्या. म्हणाल्या, “खोटेपणा करणाऱ्याच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी असतात. खरं काय ते, आणि दाखवायचं काय ते. खरं आपोआप आधी वर येतं. त्याला दाबून ठेवायचं आणि दुसरं पुढे ढकलायचं, हे मेंदूला जड काम आहे. त्याला वेळ लागतो, पापणी लवण्याहून कमी, पण लागतो. तेवढ्यात नाडीचा ठोका चुकतो, तळव्याला बारीक घाम येतो, बोटांचे स्नायू अडखळतात. कडं ते टिपतं. लाखो खऱ्या-खोट्या जबान्यांवर शिकलेलं यंत्र त्यावरून अंक काढतं, शंभरपैकी. सत्तरच्या वर असलात तर सद्भावना. ज्याच्या मनात एकच गोष्ट आहे तो अडखळतच नाही.”

मागच्या बाकावर आमच्या न्यायाधीश अनुराधा कुलथे मॅडम बसल्या होत्या. चाळिशीच्या आतल्या, चष्मा सारखा नाकावरून घसरणाऱ्या. त्यांनी हात वर केला. “ज्याला दोन्ही बाजू तोलायच्या असतात, त्याच्याही डोक्यात दोन गोष्टी असतात. त्याचं काय?”

इंजिनियर बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, “तो फरक पुढच्या आवृत्तीत येईल.”

ती पुढची आवृत्ती अजून यायचीय.

माझा अंक पहिल्याच महिन्यात एक्क्याण्णव आला. जिल्ह्यात पहिला! लोक मला विचारायला यायचे, ताई, तुम्ही काय करता? आता काय सांगू, काहीच करत नाही म्हणून तर येतो. विचार करणं माझ्या रक्तातच नव्हतं. तोंडाला येईल ते बोलायचं, हाताला येईल ते टाइप करायचं. चौकटीतलं प्रमाणपत्र आणून मी टीव्हीच्या वर लावलं, तर आमचे दिगंबर म्हणाले, “अविचाराला बक्षीस मिळालेलं पहिल्यांदाच बघतोय.” ते बसस्टँडसमोर चष्म्याचं दुकान चालवतात. एकेका गिऱ्हाइकाला तीनतीनदा काच बदलून दाखवणारा माणूस, त्यांचा अंक दहासुद्धा आला नसता.

पण कोर्टाची रयाच गेली. न्यायाधीश मंडळी अशी बोलायला लागली की जणू पाठ केलेलं म्हणून दाखवतायत. युक्तिवाद संपला की लगेच आदेश. “बघतो”, “जरा थांबा”, “अं” हे शब्दच बंद झाले. दुसऱ्या कोर्टातले एक साहेब विचार करायचा असला की बाथरूमला जायचे, कारण तिथे कडं काढायला परवानगी होती. अवघड खटला असला की शिपाई हळूच सांगायचा, “आज साहेबांचं पोट बिघडणार.” आम्ही हसायचो. नंतर नंतर हसू येईना.

कुलथे मॅडम मात्र खुर्चीतच थांबायच्या, कडं घालून, सगळ्यांसमोर. आदेश सांगता सांगता मध्येच गप्प व्हायच्या, चष्मा वर करायच्या, मग पुढे. मी एकदा न राहवून म्हटलं, “मॅडम, तुम्हीपण आत जाऊन विचार करत जा की.”

“का ताई? विचार करणं म्हणजे लपून करायची गोष्ट आहे का?”

मी टेबलावरचा गार झालेला चहाचा कप उचलला आणि बाहेर आले.

तो दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा. कूलर घरघरत होता. नजमाबी नावाच्या बाईंचा अर्ज होता. त्या भाड्याच्या जागेत पाळणाघर चालवायच्या, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबायकांची पोरं सांभाळायच्या. जागा एका कंपनीनं विकत घेतली होती, त्यांना ती रिकामी हवी होती. नजमाबींना तातडीची मनाई हवी होती, की दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुलूप लावू नका. कंपनीच्या वकिलानं उभं राहून सांगितलं, “महिनाभर आम्ही जागेला हातही लावणार नाही, कोर्टाला शब्द देतो. मग घाई कशाची?” आता एवढा शब्द दिल्यावर तातडीची मनाई कशाला द्यायची? बरोबरच होतं.

मॅडमनी आदेश सांगायला सुरुवात केली. “उभय पक्षांचं म्हणणं ऐकलं. प्रतिवादीनं दिलेलं आश्वासन पाहता, अर्ज ना…”

मी ‘ना’ टाइप केलं. यंत्रानं लगेच ‘नामंजूर’ पुरं करून दिलं.

आणि मॅडम थांबल्या.

साहेब थांबले की स्टेनोची मान वर होते. हे कुणी शिकवत नाही. हात थांबले की डोळे आपोआप तोंडाकडे जातात, पुढचा शब्द कधी येतोय ते बघायला. माझी मान वर झाली. मॅडम माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होत्या, म्हणून मीही वळून बघितलं. कंपनीचा मॅनेजर मागच्या बाकावरून उठला होता. ‘ना’ ऐकल्याबरोबर उठला होता बघा. पिशवीतून त्यानं एक भलंमोठं नवं कुलूप काढलं, प्लॅस्टिकचं वेष्टणही न काढलेलं, आणि दारातल्या माणसाच्या हातात दिलं. वर हातानं खूण केली, जा, पळ. माणूस पळाला. महिनाभर हात लावणार नाही म्हणे! नजमाबी तेव्हा कोर्टातच होत्या, म्हणजे पाळणाघरात पोरांपाशी त्यांची सून एकटी.

मी परत वळले. मॅडमनी चष्मा वर केला. नाडीचे ठोके मोजता येतील अशी शांतता होती, आणि ते मोजणारं कडं त्यांच्या हातात होतंच.

“…मंजूर,” त्या म्हणाल्या. “अर्ज मंजूर करण्यात येत आहे. सविस्तर कारणं उद्या.”

माझ्या बोटांनी ‘नामंजूर’मधला ‘ना’ खोडला. क्षणभरही थांबली नाहीत. आदेश घेऊन बेलिफ मोटारसायकलवरून सुटला आणि कुलूपवाल्याला त्यानं पाळणाघराच्या दारात गाठलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम कारणं सांगायला बसायच्या आत आमच्या दोघींच्या नावावर दावा येऊन पडला होता.

कंपनीचं म्हणणं सोपं होतं. न्यायाधीशांच्या तोंडून ‘ना’ आला, मग ‘मंजूर’ आलं, त्याची बेरीज नामंजूर. स्टेनोच्या यंत्रातही आधी नामंजूर उमटल्याची नोंद आहे. मग दोघींनी संगनमत करून ‘ना’ खाल्ला, त्यामुळे कंपनीचा मोठा सौदा मोडला, भरपाई द्या. मागितलेला आकडा मी एकदाच वाचला. त्यानंतर तो कागद उलटाच ठेवत आले. आमचं दोन खोल्यांचं घर, दिगंबरचं दुकान, आणि वर आम्ही दोघं विकायला निघालो तरी तो पुरा झाला नसता.

त्या वेळचे अंक निधीनं काढले. मी, अठ्ठ्याऐंशी. मॅडम, अडतीस.

म्हणजे मला सरकारी वकील मिळाला, मॅडमना नाही. मॅडमनी कारणांत कुलपाचं सगळं लिहिलं होतं, पण दावा आल्यानंतर लिहिलं ना! निधीच्या कार्यालयानं शेरा मारला, “हे स्पष्टीकरण पश्चातबुद्धी दिसते.” आमच्या कोर्टातला कॅमेरा न्यायासनाकडे तोंड करून आहे, मागचा बाक त्यात येत नाही. मॅनेजर म्हणाला, कसलं कुलूप? नजमाबींनी ते बघितलंच नव्हतं, त्या पुढे तोंड करून बसल्या होत्या. बेलिफानं दारात माणूस गाठला होता, पण कुलूप त्याला कुणी आणि कधी दिलं ते बेलिफाला काय ठाऊक? जिल्ह्यातला एकही वकील मॅडमचं वकीलपत्र घ्यायला तयार होईना. अडतीसचा अंक ऐकला की सगळ्यांच्या तारखा भरलेल्या. मॅडमनी निधीच्या समितीकडे फेरविचाराचा अर्ज केला, की मलाही बचावाचा खर्च मिळावा. त्या अर्जात माझी जबानी ठेवली होती.

माझे वकील निनाद पोफळे. अत्तर लावणारा, गोड बोलणारा माणूस. मला बघून म्हणाले, “ताई, तुम्ही म्हणजे सोनं आहात. अठ्ठ्याऐंशी! आपल्याला फक्त हा अंक सांभाळायचाय.”

“आणि मॅडमचं?”

“त्यांचं त्या बघतील. निधी माझी फी तुमच्यासाठी देतोय. आपलं म्हणणं एवढंच, मी ऐकलं ते टाइप केलं. मान खाली होती. काही पाहिलं नाही.”

“पण माझी मान वर होती.”

“कॅमेऱ्यात उभ्या वकिलाच्या पाठीआडून तुमच्या वेणीचं टोक तेवढं दिसतं, ताई. मान वर होती हे कुणाला ठाऊक?”

“मला आहे की!”

पोफळेंनी खुर्ची जवळ ओढली. “नीट ऐका. तुम्ही कुलूप बघितलं असं म्हणालात, तर त्याचा अर्थ काय होतो? की न्यायाधीश का थांबल्या हे तुम्हाला कळलं. मग ‘ना मंजूर’ याचा अर्थ तुम्ही लावलात. आणि ‘ना’ खोडलात. स्टेनोनं अर्थ लावायचा नसतो. आज तुम्ही त्या कळफलकासारख्या आहात, कळफलकावर कुणी दावा लावत नाही. उद्या तुम्ही मॅडमच्या साथीदार व्हाल. अंक पडेल, निधी हात काढेल, मीही जाईन. मग घर विकून वकील करा.”

मग त्यांनी तालीम सुरू केली. रोज संध्याकाळी. प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं पाहिजे. “तुमची मान खाली होती?” “हो.” “पुन्हा. मान खाली होती?” “हो.” एकच गोष्ट इतक्या वेळा म्हणायची की डोक्यात दुसरी राहतच नाही, आणि दुसरी राहिली नाही की कड्याला काही सापडत नाही. आठवड्याभरात मी झोपेतसुद्धा “हो” म्हणायला लागले. आणि देवाशपथ सांगते, ते कुलूप मला अंधुक दिसायला लागलं. वेष्टण होतं की नव्हतं, हेच आठवेना. या गोष्टीची मला भयंकर भीती वाटली. घर गेलं तर भाड्यानं राहता येतं, पण डोळ्यांनी बघितलेलं कुणी आपल्याच तोंडानं पुसून नेलं तर माणसानं जायचं कुठे?

घरी दिगंबर भाकरी वाढून घेत म्हणाले, “शीतल, पिठलं उद्या करायचं का?”

“हो.”

“का आमटी?”

“हो.”

त्यांचा घास हातातच राहिला. “अगं, मी काय विचारतोय ते तरी ऐकतेस का?”

आणि मग माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. रडता रडता भांडलेसुद्धा, “तुम्हाला काय जातंय बोलायला, घर माझ्या नावावर आहे!” असलं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं. घरासाठी त्यांनीही पंधरा वर्षं उन्हातान्हात काढली होती, ते काही मला माहीत नव्हतं असं नाही.

शेवटी म्हणाले, “मी गिऱ्हाइकाला विचारतो, ही काच बरी का ती? जो पटकन सांगतो तो हमखास आठ दिवसांनी परत येतो. दिसत नाही म्हणतो. जो डोळे बारीक करून, थांबून सांगतो, त्याचा नंबर चुकत नाही.” मग ताटाकडे बघून म्हणाले, “पण घर जायला नको गं. खरंच नको.”

म्हणजे सल्ला काही मिळाला नाही. नवऱ्याकडून मिळायची अपेक्षाही चूकच.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मॅडम जिन्यात भेटल्या. पोफळेंनी त्यांच्याशी बोलायला मनाई केली होती. मॅडमच्या हातात स्वतःच लिहिलेल्या अर्जाचं बाड होतं.

“मॅडम, उद्या मला विचारतील.”

“ठाऊक आहे. तुम्ही तुमचं बघा, ताई. मनापासून सांगते. मी रागावणार नाही.”

“तुम्ही थांबलात कशाला हो?” मी जवळजवळ ओरडलेच. “एकदा ना म्हटल्यावर पुरं नामंजूर म्हणून मोकळं व्हायचं! सगळे तेच करतात!”

त्यांनी चष्मा वर केला. नेहमीसारखा. मग म्हणाल्या, “अर्धा शब्द बाहेर पडला होता, ताई. अर्धा अजून माझ्याजवळ होता.” आणि जिना उतरून गेल्या.

सुनावणी जिल्ह्याला होती, निधीच्या कार्यालयात. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती सबनीस. पांढरे केस, मोठे कान, आवाज खालचा. समितीच्या कामालाही नवा कायदा लागू, म्हणून कडं त्यांच्याही मनगटात होतं. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. त्यावर एका बाजूला आदेशाचा मजकूर उमटणार, दुसऱ्या बाजूला बोलणाऱ्याचा अंक. कळफलकापाशी समितीचे स्टेनो खरात बसले होते. माझ्याच वयाचे, मला ओळखणारे. त्यांनी मला बघून मान हलवली. मॅडम एका कोपऱ्यात एकट्या. कंपनीचा मॅनेजर मागच्या बाकावर, तोच.

मला कडं चढवलं. पडद्यावर अंक आला, नव्वद. पोफळे गालात हसले.

“नाव?” “शीतल दिगंबर दुधमल.” “हुद्दा?” “स्टेनो.” “त्या दिवशी आदेश तुम्हीच टाइप केला?” “हो.” नव्वद, एकोणनव्वद, नव्वद. घड्याळासारखं चाललं होतं.

“न्यायाधीश ‘ना’ म्हणून थांबल्या,” पोफळे म्हणाले, “तेव्हा तुमची मान खाली होती?”

‘हो’ ओठापर्यंत आला होता. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. कधी नव्हे ते माझं डोकं मात्र चप्पल न शोधता, अनवाणीच पळत आलं आणि जिभेच्या आडवं उभं राहिलं.

मी थांबले.

एकोणनव्वद. चौऱ्याऐंशी. पोफळेंचे डोळे मोठे झाले. मला आमचं घर दिसलं, ओट्यावरची दिगंबरनी स्वतः बसवलेली फरशी दिसली. एकोणऐंशी. तळव्याला घाम सुटला, कड्याला तेवढंच पाहिजे होतं. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, खाली टेबलाकडे बघत होत्या. त्र्याहत्तर. मी डोळे बारीक केले. कुलूप आठवायला लागले. आधी पिशवी आठवली, मग हात, मग वेष्टणाचा चुरचुर आवाज. हो, आवाज! कूलरच्या घरघरीतसुद्धा ऐकू आला होता तो. बघितलेलं पुसलं गेलं होतं, ऐकलेलं राहिलं होतं. स्टेनोचे कान आहेत शेवटी.

पासष्ट.

“नाही,” मी म्हटलं. “मान वर होती. मी मागे वळून बघितलं.” आणि सगळं सांगितलं. मॅनेजर कधी उठला, कुलूप कसं होतं, कुणाच्या हातात दिलं, खूण कशी केली. “आणि ‘ना’ मी खोडला. मॅडमचं मत बदलताना मी डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून खोडला. अर्थ लावायचा नसतो म्हणतात. मी लावला.”

बावन्न. पोफळेंनी पेनाचं टोपण लावलं. मागच्या बाकावर मॅनेजर आपल्या वकिलाच्या कानाला लागला.

सबनीस साहेब पुढे वाकले. “बाई, तुम्ही खरं बोलताय असं म्हणता. मग अंक का पडला?”

“साहेब, कारण मला भीती वाटली. आणि कारण मी विचार केला. खोटं, भीती आणि विचार, या तिन्हींना या कड्यात एकच खण आहे. हा प्रश्न मॅडमनी प्रशिक्षणातच विचारला होता. तेव्हा सांगितलं, पुढच्या आवृत्तीत बघू.” माझा आवाज चढला, शीतल नाव बाजूला राहिलं. “तोवर आमच्यासारख्यांना अविचाराची प्रमाणपत्रं वाटा आणि विचार करणाऱ्यांना घरं विकायला लावा! नव्वद अंक होता तेव्हा मी खोटं बोलायला तयार बसले होते, साहेब. बावन्नला खरं बोलले. लिहा हे. खरातभाऊ, लिहा.”

खरातांनी लिहिलं. पडद्यावर माझं वाक्य उमटलं, आणि त्याच्या शेजारी बावन्न.

मला वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. घर गेलं. हे एवढंच डोक्यात. मी खाली बसले. मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, पण त्यांचा चष्मा इतका खाली घसरला होता की डोळे काही दिसले नाहीत.

सबनीस साहेबांनी कागद सरळ केले. समितीच्या यंत्रानं आदेशाचा मसुदा आधीच तयार ठेवलेला असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. अडतीस अंकाच्या माणसाला खर्च द्यायचा नाही, नियम स्पष्ट आहे. साहेबांनी नुसतं वाचायचं. त्यांचा अंक पडद्यावर आला, शहाऐंशी.

“उभय पक्षांचं म्हणणं ऐकलं,” ते म्हणाले. “निधीचे नियम पाहता, न्यायाधीश श्रीमती कुलथे यांचा बचाव खर्चाचा अर्ज ना…”

खरातांची बोटं सवयीनं चालली. यंत्रानं शब्द पुरा केला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, ‘नामंजूर’.

पोफळे फाईल आवळून उठले. मॅनेजरनं फोन काढला. मॅडमनी आपलं बाड पिशवीत घालायला घेतलं. खरातांनी पूर्णविरामासाठी बोट उचललं.

मी मात्र साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ मिटलेले नव्हते. नजर मागच्या बाकावर, फोन कानाला लावलेल्या मॅनेजरवर होती. आणि अंक उतरत होता. ऐंशी. चौऱ्याहत्तर. अडुसष्ट. तो त्यांना समोर दिसत होता, तरी ते थांबले होते.

मी ताडकन उभी राहिले.

“अहो खरातभाऊ, थांबा! साहेबांचं अजून व्हायचंय!”

खरातांनी दोन्ही हात कळफलकावरून उचलले आणि मान वर केली.

साहेब अजून थांबलेलेच होते.